तारे कुकरचे की विक्रेत्याचे?

प्रश्न : मला ऑनलाइन प्रेशर कुकर घ्यायचा आहे. एकाच कुकरसाठी चार-पाच विक्रेत्यांची नावे दिसतात, किमतीत तीनशे-चारशे रुपयांचा फरक असतो आणि तारे मात्र सर्वांना सारखेच. गोखले रोडवरचा दुकानदार निदान ओळखीचा असतो. इथे विश्वास कोणावर ठेवावा?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : तारे सर्वांना सारखे दिसतात, याचे कारण ते बहुधा कुकरला मिळालेले आहेत. विक्रेत्याचे गुणांकन निराळे असते आणि त्याच्या नावावर टिचकी मारल्यावर ते दिसते. तेथील अभिप्राय नवे आधी लावून वाचावेत आणि दोन-तीन तारे देणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण परत केलेल्या मालाचे पैसे रखडले किंवा खोके आधीच उघडलेले होते, अशा कामाच्या गोष्टी तेच लिहितात. मोजक्या दिवसांत एकाच साच्यातली स्तुती उतू जात असेल, तर ती मी तरी हिशेबात धरत नाही.

ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याच्या व्यवसायाचे नाव, पत्ता आणि संपर्काची सोय ग्राहकाला दिसली पाहिजे. जीएसटी क्रमांक दिला असेल, तर तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर शोधून नोंदणी कोणाच्या नावे आहे, कधीची आहे आणि चालू आहे की रद्द झाली आहे, हे विनामूल्य पाहता येते. महाराष्ट्रातील नोंदणीचे पहिले दोन अंक २७ असतात. अर्थात नोंदणी चालू आहे म्हणून माल चांगला असेलच असे नाही. गरज पडल्यास माणूस सापडेल, एवढेच त्यातून कळते.

कुकरच्या बाबतीत आणखी एक तपासणी आवश्यक आहे. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह २०२१ पासून सक्तीचे आहे, तरीही असे चिन्ह नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दोन मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंड ठोठावला होता. म्हणजे नाव मोठे असले, तरी खोके उघडल्यावर चिन्हाजवळचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळून घ्यावाच. खोके उघडतानाचे चित्रीकरणही करून ठेवावे.

विक्रेता फोन करून ‘अ‍ॅपबाहेर पैसे पाठवा, स्वस्तात देतो’ म्हणू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवावा. पैसे गेलेच असतील, तर विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावे.

माल सदोष निघाल्यास बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. त्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता सुरतचा असो वा दिल्लीचा, तुम्ही राहता त्या ठाणे जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही.