पक्ष्यांचे फोटो काढताना कुठे थांबावं?

पक्षीनिरीक्षणात फोटो काढणं चुकीचं आहे का आणि पक्ष्याच्या किती जवळ जावं, असं तुम्ही विचारलंय. फोटो काढण्यात काहीच गैर नाही. अंतर मात्र मीटरमध्ये सांगता येत नाही, ते पक्षीच सांगतो. चरणं थांबवून त्यानं मान ताठ केली, इशाऱ्याचा आवाज काढला, की थांबा. तरीही तो निवांत होत नसेल तर हळूच मागे सरका.

विणीच्या काळात घरट्यापाशी कॅमेरा नेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कडक उन्हात ती पोटाची पिसं भिजवून आणते, अंड्यांवर सावली धरून उभी राहते. आपण जवळ गेलो की ती ओरडत घिरट्या घालू लागते आणि तेवढा वेळ अंडी उन्हात तापत राहतात. धनेशाची मादी तर ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. फटीतून तिला भरवणारा असतो तो नर. झाडाखाली माणसं दिसली की तो चोचीत फळं घेऊन लांबच बसून राहतो, आत मादी आणि पिल्लं उपाशी. फोटो स्वच्छ यावा म्हणून घरट्यासमोरच्या फांद्या तोडणारेही असतात, याचा मला फार संताप येतो. सावली जाते, आडोसा जातो आणि कावळ्यांना घरटं आयतं दिसतं.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो. रात्री घुबडावर फ्लॅश मारू नका. जिवंत भक्ष्य बांधून शिकारी पक्ष्याला खाली उतरवणं तर सरळ क्रूरपणा आहे.

किनाऱ्यावर चरणारे थवे उडवून ‘फ्लाइट शॉट’ घेणं अनेकांना किरकोळ वाटतं. २०२२ मध्ये गॉडविट जातीचा एक स्थलांतरी किनारपक्षी अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५०० किलोमीटर न थांबता उडाला. अशा प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी. पुन्हा पुन्हा उठवलेल्या थव्याची तीच खर्च होते आणि चरायचा वेळही जातो.

दुर्मीळ पक्ष्याचा फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएस नोंद काढून टाका, जागेचं नावही लिहू नका. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं ई-बर्ड हे संकेतस्थळसुद्धा संवेदनशील प्रजातींची नेमकी ठिकाणं सर्वांना दाखवत नाही. कुणी मेसेज करून जागा विचारली, तरी नम्रपणे नाही म्हणा.