मॅपवर हिरवा रंग आहे म्हणून डोंगराखाली घर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की कळव्याच्या बाजूला पारसिक डोंगराच्या पायथ्याला रूम बघताय आणि सरकारी मॅपवर ती जागा कमी धोक्याच्या रंगात दिसते, मग घ्यायची का. मी जिओलॉजी शिकलोय, राहतो ऐरोलीत, म्हणजे डोंगर तोच. नुसत्या रंगावर घर घेऊ नका.

जीएसआयचा (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, केंद्र सरकारची संस्था) देशभराचा दरडींचा नकाशा आहे ना, तो 1:50,000 स्केलचा आहे, म्हणजे कागदावरचा 1 मिलीमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर, त्यात तुमची अख्खी बिल्डिंग एका ठिपक्याखाली जाते. आणि मेन म्हणजे असा नकाशा दरड सुटायची शक्यता कुठे जास्त ते सांगतो, सुटलेला माल कुठपर्यंत येईल ते नाही. पायथा सपाट, म्हणून रंग हिरवा, पण माल येऊन थांबतो तो पायथ्यालाच ना!

पावसाने मुरूम-माती भिजून सुटली आणि नाल्यात शिरली की चिखल, दगड, झाडं सगळं एकत्र होऊन लोंढा धावतो, त्यालाच डेब्रिज फ्लो म्हणतात. वायनाडला 30 जुलै 2024 ला असाच लोंढा साधारण 8 किलोमीटर गेला, सुटला कुठे आणि माणसं गेली कुठे. आपल्याकडची इर्शाळवाडी (जुलै 2023) तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं होतं. त्या बातमीनंतर मला कितीतरी रात्री झोप नव्हती.

मग बघायचं काय तर नाला. कॉन्टूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) असलेल्या मॅपवर तुमच्या जागेच्या वरची घळ शोधा, ती डोंगरातून कुठे बाहेर पडते ते बघा. तिथे जमीन पंख्यासारखी पसरलेली असेल, खणलेल्या खड्ड्यात बारीक मातीत मोठे दगड कसेही रुतलेले दिसत असतील, तर तो जुन्या लोंढ्यांनी आणलेला माल असू शकतो, म्हणजे परत येऊ शकतो. आता अंतराचा ढोबळ हिशोब. माल सुटू शकेल ती जागा तुमच्यापेक्षा समजा 200 मीटर वर आहे आणि तिथून तुमच्यापर्यंतच्या सरळ रेषेचा आडव्या पातळीशी कोन 14 अंश धरला तर लोंढा आडव्या अंतरात 800 मीटरपर्यंत येऊ शकतो. माल आणि पाणी जास्त असेल तर कोन अजून कमी होतो, म्हणजे पोच अजून वाढते, त्यामुळे याला शेवटचा आकडा समजू नका.

आणि नाल्यात बांधकामाचा राडारोडा टाकलाय का, वर जुनी खाण आहे का, नाल्याचं तोंड भिंत बांधून अरुंद केलंय का, हे अशा दरडींच्या मॅपवर दिसत नाही, स्वतः चालत वर जाऊनच बघावं लागतं, आणि पावसाळ्याआधी जा, भर पावसात नको.

घर घेतलंत किंवा आधीच तिथे राहत असाल तर एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, जोराचा पाऊस चालू असताना नाल्याचं पाणी अचानक कमी झालं किंवा एकदम गढूळ झालं तर वर कुठेतरी माल अडलाय किंवा सुटलाय असं समजायचं, सामान आवरत बसायचं नाही, नाल्याच्या कडेने खाली न पळता आडवं, बाजूच्या उंचवट्यावर जायचं.