साडेतेवीस कोटी डॉलर, दोनदा

प्रिय छोट्या मैत्रिणीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी गोष्ट वाचली आणि निर्मात्याला द्यायचं टिपणही वाचलं. गोष्ट मला मनापासून आवडली. लग्नाच्या आदल्या रात्री घणसोलीच्या सोसायटीत अडकून पडलेल्या चार मैत्रिणी, त्यांची बिनधास्त बडबड, आणि दाराबाहेर बसलेली नवरीची आत्या. बायका बायकांत असताना जे बोलतात ते मराठी पडद्यावर फार कमी वेळा ऐकू येतं. ती भाषा कुणाच्याही सांगण्यावरून सौम्य करू नकोस. टिपणाचं दुसरं पान मात्र निर्मात्यापुढे ठेवू नकोस. का, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

त्या पानावर तू म्हटलं आहेस की चावट विनोदी सिनेमाला जगभर बाजार आहे, आणि पुरावा म्हणून २०१२ च्या 'अमेरिकन रियुनियन'ची जागतिक कमाई दिली आहेस: साडेतेवीस कोटी डॉलर. आकडा बरोबर आहे. त्यावरून तू काढलेला निष्कर्ष टिकत नाही. परदेशी टेरिटरींचे, म्हणजे सिनेमा जिथे विकला जातो त्या त्या देशांचे, हिशेब तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. 'वर्ल्डवाइड' लिहिलेली ओळ समोर आली की मी आधी ती मोडून बघते. तूही तीच सवय लावून घे.

याच मालिकेतला पहिला सिनेमा, १९९९ चा 'अमेरिकन पाय', यानेही जगभरात साडेतेवीस कोटीच केले होते. एकूण बेरीज जवळजवळ तंतोतंत तीच. आता दोन्ही मोडून बघ. पहिल्याने अमेरिका आणि कॅनडात, म्हणजे ज्याला ते 'डोमेस्टिक' म्हणतात तिथे, सुमारे सव्वादहा कोटी कमावले आणि बाहेर सव्वातेरा कोटींच्या आसपास. 'रियुनियन'ने घरी फक्त ५.७ कोटी कमावले, बाहेर मात्र १७.८ कोटी. आणि खर्च? पहिला १.१ कोटी डॉलरमध्ये झाला होता, 'रियुनियन'ला ५ कोटी लागले. तू यशाचा दाखला म्हणून मांडलेला सिनेमा स्वतःच्या घरी निर्मितीखर्चाएवढ्या तिकिटांच्या थोडासाच पुढे गेला होता. पहिल्या शनिवार-रविवारी तो २.१५ कोटींवर थांबला आणि तिसऱ्या आठवड्यात असलेल्या 'हंगर गेम्स'च्या मागे दुसरा राहिला.

तिकिटांचा भाव धरलास तर हे आणखी उघडं पडतं. अमेरिकेत १९९९ मध्ये सरासरी तिकीट पाच डॉलरच्या जरासं वर होतं, २०१२ मध्ये आठ डॉलरला टेकलेलं. भागाकार कर. पहिल्याला घरी सुमारे दोन कोटी तिकिटं, 'रियुनियन'ला सत्तर लाखांच्या आसपास. तीन प्रेक्षकांतले दोन गेले.

मग बाहेर एवढे पैसे कुठून आले? इथे मला जरा रेंगाळू दे, कारण तुझ्या कामाचं सगळं इथेच आहे.

एक कारण चलनाचं. या धंद्यात जगाचा हिशेब डॉलरमध्ये लिहितात. १९९९ च्या मध्याला एक ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकेच्या साधारण ६५ सेंटचा होता, २०१२ च्या एप्रिलमध्ये तो एका अमेरिकन डॉलरच्या वर गेला होता. युरो १९९९ मध्ये डॉलरच्या बरोबरीत घुटमळत होता, २०१२ मध्ये १.३ डॉलरच्या आसपास. म्हणजे सिडनीतल्या प्रेक्षकाने खिशातून तेवढेच पैसे काढले तरी लॉस एंजेलिसच्या वहीत ते दीडपटीहून जास्त होऊन उतरले. दोन सालांतल्या परदेशी कमाईची तुलना कुणी हा फरक न सांगता केली, तर ती तुलना बाजूला ठेव.

दुसरं कारण पडद्यांचं. मधल्या दशकात रशियासारख्या देशांत मल्टिप्लेक्स उभी राहिली. १९९९ मध्ये तिथे हा सिनेमा बघायला धड जागा नव्हती, २०१२ मध्ये होती. 'रियुनियन' ज्या देशांत जोरात चालला त्यांत जर्मनी, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनबरोबर रशियाही होता.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं, आणि ते आहे ओळखीचं. पहिल्या सिनेमातली पोरं जगभरच्या पोरांनी व्हिडिओ कॅसेटवर, डीव्हीडीवर, रात्री उशिराच्या टीव्हीवर पाहिली होती. मध्ये दोन भाग थिएटरात आले, शिवाय २००५ ते २००९ मध्ये त्याच नावाचे चार सिनेमे थेट डीव्हीडीवर आले. 'रियुनियन'मध्ये मूळची सगळी मंडळी परत एकत्र आली. तोवर प्रेक्षकही तिशीला पोचला होता, त्याचीही लग्नं झाली होती, मुलं झाली होती. जर्मनीतला माणूस चावट विनोदासाठी तिकीट काढत नव्हता. तो आपल्या वयाच्या, आपल्याबरोबर वाढलेल्या माणसांना भेटायला जात होता. त्या भेटीची किंमत तेरा वर्षांत चुकती झाली होती आणि ती एका नवीन मराठी सिनेमाला उसनी मिळत नाही.

हा योगायोग नव्हे हे पटावं म्हणून दुसरी जोडी देते. २००९ च्या 'हँगओव्हर'ने घरी २७.७ कोटी डॉलर मिळवले, बाहेर १९ कोटींच्या आसपास. दोन वर्षांनी दुसरा भाग बँकॉकमध्ये घडवला, तेव्हा घरची कमाई २५.४ कोटींवर उतरली आणि बाहेरची ३३ कोटींवर चढली. पहिल्या भागाने ओळख करून दिली, दुसऱ्याने ती वसूल केली.

ओळख नसली की काय होतं तेही बघ. विल फेरेलचा २००४ चा 'अँकरमन' अमेरिकेत लोकांनी डोक्यावर घेतला, साडेआठ कोटी डॉलर दिले. उरलेल्या जगाने मिळून पन्नास लाखांच्या आसपास. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन टीव्हीवरचे बातमीदार कसे बोलायचे हे ज्यांच्या कानात नाही त्यांना त्यातलं निम्मं कळतच नाही. आणि उलट दिशेने: 'द इनबिटविनर्स मूव्ही', २०११, ब्रिटनमधल्या टीव्ही मालिकेवरून काढलेला, चार वाह्यात पोरांची सहल. सुमारे ३५ लाख पौंडांत केलेला हा सिनेमा एकट्या ब्रिटन-आयर्लंडमध्ये साडेचार कोटी पौंडांवर गेला. अमेरिकेत त्याला एक लाख डॉलरसुद्धा जमले नाहीत.

चार बायकांची गोष्ट म्हणून तू 'ब्राइड्समेड्स'चं नाव घेतेस, घे. २८.८ कोटींपैकी १६.९ कोटी घरचे, खर्च सव्वातीन कोटींचा. पण त्याच्या शेजारी 'गर्ल्स ट्रिप' ठेव, २०१७ चा. एकूण १४ कोटींपैकी साडेअकरा कोटी घरातूनच आले. कृष्णवर्णीय अमेरिकन बायकांनी तो आपला मानला, मैत्रिणींचे घोळके घेऊन बघितला, आणि माफक खर्चात केलेला सिनेमा तेवढ्यावर भरघोस नफ्यात गेला. तो बाहेर चालला नाही म्हणून त्याला कोणी पडलेला म्हणत नाही. तुझ्या गोष्टीचा खरा सख्खा हाच आहे. टिपणात त्याला पुढे आण.

कमाई आणि हातात येणारा पैसा यांतला फरक तुला ठाऊक असेल, तरी एकदा सांगते, कारण निर्माते नवख्या माणसाला याच ठिकाणी गप्प करतात. तिकीटखिडकीवरची रक्कम थिएटर आणि वितरक वाटून घेतात. अमेरिकेत वितरकाकडे ढोबळमानाने निम्मी येते, बाहेरच्या देशांतून चाळीस टक्क्यांच्या आसपास, चीनमध्ये परदेशी सिनेमाला पंचवीस. या हिशेबाने 'पाय' आणि 'रियुनियन' दोघांचेही वितरकाच्या हाती आलेले पैसे दहा कोटींच्या जवळपास पडतात. एकाला त्यातून १.१ कोटींचा खर्च फेडायचा होता, दुसऱ्याला ५ कोटींचा, आणि वर जाहिरातीचा वेगळा. आपल्याकडे शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आधी जातो, मग थिएटरचा हिस्सा, मग वितरकाचं कमिशन. ग्रॉस म्हणजे तिकिटांची पूर्ण रक्कम, नेट म्हणजे कर वजा करून उरलेली आणि शेअर म्हणजे त्यातला वितरकाचा वाटा. हे तीन रकाने वेगळे ठेवल्याशिवाय डीसीआर, म्हणजे रोजच्या तिकीटविक्रीचा तक्ता, हातात धरायचा नाही, हे मी माझ्या प्रत्येक मदतनिसाला पहिल्याच दिवशी सांगत असे.

चावट सिनेमाची आणखी एक अडचण असते, दाराशीच अडवलं जाण्याची. 'बोराट' २००६ मध्ये जगभर २६ कोटी डॉलर करून गेला, पण अरब देशांत लेबनॉन सोडला तर कुठेच लागला नाही आणि रशियानेही परवाना दिला नाही. चीनमध्ये वयानुसार प्रमाणपत्रच नाही. लहान मुलाला चालेल तेच सगळ्यांना, त्यामुळे असे सिनेमे तिथे जवळजवळ पोचतच नाहीत. मराठी सिनेमाला परदेशात जे थोडे खेळ मिळतात ते महाराष्ट्र मंडळांच्या जिवावर, शनिवार-रविवारी, मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबांसाठी. तिथे 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा कोण लावणार? आखाती देशांत आपली माणसं भरपूर आहेत, पण तिथली सेन्सॉरची कात्री तुझ्या मध्यंतरापर्यंतची गोष्टसुद्धा शिल्लक ठेवणार नाही. घरीही 'ए' मिळालं की टीव्हीचा रस्ता बंद होतो. प्रसारणासाठी पुन्हा कापून 'यूए' घ्यावं लागतं. हे निर्मात्याला ठाऊक असतं आणि तो तेच पहिल्यांदा विचारेल. उत्तर तयार ठेव: कोणते प्रसंग कापूनही गोष्ट उभी राहते, याची यादी आत्ताच कर.

म्हणजे तुझ्या सिनेमाला बाजार नाही का? आहे, आणि चांगला आहे. दादा कोंडके यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केल्याची गिनीज बुकात नोंद आहे. ते पंचवीस-पंचवीस आठवडे महाराष्ट्रातल्या थिएटरांत मोजले गेले. ज्याने वगात सोंगाड्याची हजरजबाबी ऐकली होती, राजाला आणि प्रधानाला तोंडावर टोला बसताना पाहिला होता, त्या प्रेक्षकाला दादांचा एक शब्द आणि त्यापुढची थांबलेली भुवई पुरत असे. विनोदाचं उरलेलं वाक्य प्रेक्षक स्वतःच पूर्ण करायचा. तो प्रेक्षक बाहेरच्या जगात नव्हताच, आणि दादांना त्याची गरजही पडली नाही.

तुझा प्रेक्षक तुझ्या लोकलमध्ये आहे. ट्रान्स-हार्बरला ठाण्याहून वाशीकडे संध्याकाळी बायकांच्या डब्यात उभी राहा, ऐरोली-रबाळेपर्यंतच तुला चार संवाद मिळतील. शुक्रवारी रात्री ठाण्यात आणि रविवारी दुपारी वाशीत एकच विनोदी सिनेमा बघ, हसू कुठे फुटतं आणि कुठे बायका शेजारी कोण बसलंय ते बघून ओठ दाबतात, ते लिहून ठेव. गडकरी रंगायतनला आणि वाशीच्या भावे नाट्यगृहात द्वयर्थी संवादांचं नाटक असेल तर तेही बघ. साठीच्या बायका किती मोकळ्या हसतात ते तुला चकित करेल. ठाणे, कल्याण, पनवेल, पुणे, नाशिक एवढ्या पट्ट्यात मैत्रिणींचे घोळके आले तर छोट्या खर्चाचा सिनेमा निघतो. टिपणाचं दुसरं पान या पट्ट्याचं कर. किती स्क्रीन, कोणते खेळ, तिकीट किती, आणि खर्च वसूल व्हायला किती तिकिटं लागतील. आणि खर्च त्यातूनच ठरव, आधी खर्च ठरवून मग प्रेक्षक शोधत बसू नकोस.

जगाचा विषय मात्र सोडून देऊ नकोस, कारण तुझ्या हातात एक गोष्ट आहे जी खरोखर प्रवास करू शकते. इटलीत २०१६ मध्ये एक सिनेमा आला, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'. जेवायला जमलेले मित्र आपापले मोबाइल टेबलावर ठेवतात आणि येणारा प्रत्येक मेसेज सगळ्यांसमोर वाचायचं ठरवतात. २०१९ मध्ये सर्वाधिक रिमेक झालेला सिनेमा म्हणून गिनीजने त्याची नोंद केली तेव्हा १८ रिमेक झाले होते. स्पेन, कोरिया, चीन, प्रत्येकाने आपापली लफडी, आपापली लाज त्यात भरली. जे प्रवासाला निघालं ते इटालियन संवाद नव्हते, तो टेबलाभोवतीचा पेच होता. तुझ्या गोष्टीतही तसा पेच आहे: बंद खोली, एक रात्र, दाराबाहेर आत्या. ती आत्या केरळमध्येही बसलेली असते, स्पेनमध्येही. घणसोलीच्या मैत्रिणी जे बोलतात ते घणसोलीचंच राहू दे, पण पेच इतका घट्ट बांध की संवाद सगळे काढून घेतले तरी तो उभा राहील.

म्हणूनच करार हातात आला की आधी रिमेकच्या हक्कांचं कलम शोध. बहुतेक छापील करारांत 'सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील, कायमचे' अशी एक ओळ असते आणि लेखकाचं सगळं तिच्यात वाहून जातं. ते हक्क तुझ्याकडे राहावेत, ते जमलं नाही तर प्रत्येक रिमेकमागे ठरलेली टक्केवारी तुला मिळावी, आणि ठराविक वर्षांत सिनेमा झाला नाही तर गोष्ट तुझ्याकडे परत यावी. यातलं एकही लेखी नसेल तर सही करू नकोस, मग समोरचा कितीही गोड बोलो. मसुदा आला की मला पाठव, आपण दोघी ओळन् ओळ बघू. रात्री उशिरा फोन केलास तरी चालेल.

तुझी,
ताई
नौपाडा, ठाणे