उघडिपीनंतर डेंग्यू का वाढतो?

प्रश्न : जुलैत आमच्याकडे धो-धो पाऊस झाला, तेव्हा डेंग्यूचे रुग्ण फारसे नव्हते, ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप देताच ते वाढले. असे का व्हावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मुसळधार पावसात कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, गच्चीवरचे डबे ओसंडतात आणि अळ्या वाहून जातात. मात्र उघडीप पडली की तेथेच पाणी साचून राहते आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही आठवड्याला १५० मिलिमीटरपर्यंतचा पाऊस डेंग्यूला पोषक, तर त्याहून अधिक पाऊस मारक ठरल्याचे दिसले.

तापमानाचा वाटाही मोठा आहे. डासाच्या शरीरात शिरलेल्या विषाणूला लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला २५ ते २८ अंश सेल्सिअसला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. उष्मा वाढला की हा काळ आखडतो, आणि डासाचे आयुष्यच मोजक्या आठवड्यांचे असल्यामुळे वाचलेला प्रत्येक दिवस रोगाच्या पथ्यावर पडतो.

कोरड्या हवामानातही निर्धास्त राहू नये. टंचाईच्या गावांत पिंपे, रांजण दिवसेंदिवस भरलेले असतात, आणि कडेला चिकटलेली अंडी पाण्यावाचून काही महिने तग धरतात. म्हणूनच पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा भांड्याची आतली कड काथ्याने खरवडून घासावी, ते कोरडे करावे आणि मगच भरून झाकावे.