जुन्या कामिनीचे ढग करता येतील का?

प्रश्न: कुंपणाजवळची कामिनी खूप वाढलीये, जपानी बागेत झाडांना ढगांसारखे गोळे करतात तसं पहिल्यांदाच करून बघायचंय, सुरुवात कुठून करू?

उत्तर: जरूर करा, कामिनी यासाठी मस्त, जुन्या लाकडावरही परत फुटते. आधी खाली वाकून आतल्या फांद्या नीट बघा, कारण निवाकीत, म्हणजे झाडांना असा आकार देण्याच्या जपानी पद्धतीत, गोळ्यांइतकीच मधली उघडी फांदी महत्त्वाची. सुकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या काढा, छान वळणाच्या चार-पाच फांद्या ठेवा आणि त्यांच्या फक्त टोकाचा पाला राहू द्या. गोळा वरून गोलसर पण खालून सपाट, नाहीतर ढग वाटतच नाही. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त छाटू नका, एप्रिल-मेच्या उन्हात तर नकोच, उघडी साल भाजते. मोरपंखीला मात्र जपून, तिच्या उघड्या लाकडाला सहसा परत फूट येत नाही.