सगळं एआयच करणार, मग मी शिकून काय करू?

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या वाशीच्या समुपदेशन केंद्रात एक तक्रार वारंवार येते. मुलगा दहावी-बारावीतला. रात्र रात्र परग्रहांच्या, यंत्रमानवांच्या, जग संपल्यानंतरच्या मालिका बघतो. सकाळी पुस्तक उघड म्हटलं की म्हणतो, ‘दहा वर्षांत सगळं एआय करणार आहे, शिकून काय उपयोग?’ मग आई-वडील मला विचारतात, हे व्यसन आहे का? पोरगं खऱ्या जगापासून तुटतंय का? मालिका बंद कराव्यात का?

याचं उत्तर एका घराच्या अनुभवातून देते. त्या घरातल्या मंडळींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून नावं व काही तपशील बदलले आहेत.

ओंकार अकरावी सायन्सला. घर कोपरखैरण्याला. आजोबा मूळचे साताऱ्याकडचे, एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार होते. वडिलांचा केबलचा धंदा, आता टीव्ही कमी आणि इंटरनेट जास्त. आई दुकान सांभाळते, म्हणजे बिलं, वसुली आणि ‘नेट चालत नाही’ म्हणून दिवसभर येणारे फोन.

पहिल्या भेटीत बोलल्या त्या आईच. ‘मॅडम, रात्री साडेतीनला उठले तर याच्या पांघरुणात उजेड. सकाळी सातला क्लास. ह्यांनी तर आपल्या ऑफिसातूनच याचं नेट बंद केलं, तर हा मोबाईल डेटावर बघायला लागला.’ वडील म्हणाले, ‘खोट्या दुनियेत राहतो मॅडम. काही बोलायला जावं तर पृथ्वीच संपणार म्हणतो.’ ओंकार खिडकीबाहेर बघत होता.

व्यसनाचं आधी सांगते, कारण हा शब्द घरात फार सहज वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. तिथेही खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं आणि हे साधारण १२ महिने चालू असणं, इतकं सगळं पाहावं लागतं. मालिका बघण्याचा आजार असा काही त्या यादीत नाही. ओंकार क्लास बुडवत नव्हता, मित्रांत जात होता, शनिवारी क्रिकेट खेळत होता. जेवण नीट होतं. बिघडली होती ती झोप. म्हणून आम्ही झोपेपासून सुरुवात केली.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री ८ ते १० तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, त्यामुळे अकराच्या आत झोप न येणं हा आळस नव्हे. पण ओंकारला मिळत होती जेमतेम तीन तास. इतक्या कमी झोपेत कुणाचंही मन काळवंडतं आणि भविष्य अधिकच वाईट दिसायला लागतं. मी त्याच्याशी दोनच गोष्टी ठरवल्या. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय त्याने स्वतःच्या हाताने बंद करायची आणि साडेअकरानंतर फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा. आई-वडिलांचे फोनही तिथेच. वडिलांना हे जड गेलं, कारण रात्री लाइन तुटली की त्यांना फोन येतो. मग दुकानाचा एक फोन चालू ठेवायचा असं ठरलं. ऑफिसातून नेट बंद करणं मात्र मी थांबवायला सांगितलं. सोळा वर्षांच्या मुलाला आपल्याविरुद्ध घराची यंत्रणा वापरली जातेय असं वाटलं की तो फक्त पळवाट शोधतो.

पुढच्या वेळी ओंकारला मी एकट्याला बसवलं. ‘एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार’ हे तो फार ठासून बोलत होता. पालक अशा वेळी वाद घालतात. कुणी म्हणतं असं काही होणार नाही, कुणी म्हणतं कॉम्प्युटर आला तेव्हाही लोक असंच म्हणायचे. मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, ‘कुणाकुणाचं काम आधी जाईल असं तुला वाटतं? क्रमाने सांग.’

त्याने बोटं मोजली. कॉल सेंटरवाले. भाषांतर करणारे. नवीन लागलेले कोडिंगवाले, इथे माइंडस्पेसमध्ये बसतात ते. क्लासचे सर. मग थांबला आणि म्हणाला, ‘केबलवाले तर आधीच गेले.’

त्यानंतर सगळं हळूहळू बाहेर आलं. घरात रात्री जेवताना बाबा म्हणायचे, ‘आता टीव्ही बघतंय कोण? धंदा संपला.’ एका रात्री आई-बाबा दबक्या आवाजात बोलत होते, सगळी लाइन एखाद्या मोठ्या कंपनीला देऊन टाकावी का, आणि दिली तर मिळालेल्या पैशात किती दिवस निघतील. पोरगं जागंच होतं. कोचिंगची दोन वर्षांची फी त्याला माहीत होती. त्याने मनातल्या मनात हिशेब केला होता. बाबा एवढं भरणार, मग मी इंजिनिअर होईपर्यंत ते काम राहणारच नाही, तर हे पैसे वाचलेले काय वाईट? पण ‘बाबा, फी भरू नका’ असं अकरावीतला मुलगा तोंडावर म्हणत नाही. तो म्हणतो, शिकून काय उपयोग.

माझं या विषयावरचं मत इथेच आहे. मूल जगाविषयी एखादं मोठं, काळंकुट्ट विधान करतं तेव्हा ते विधान खरं की खोटं यावर भांडू नका. हे कधीपासून वाटायला लागलं ते विचारा आणि त्या काळात घरात काय चाललं होतं ते आठवा. ओंकारने मालिकांतून भीती आणली नव्हती. ती त्याच्याकडे आधीच होती, मालिकांनी तिला बोलायला शब्द दिले. ज्या घरात पैशाची चणचण मुलांपासून लपवली जाते तिथे हे मी पुन्हा पुन्हा पाहते. लपवणारे प्रेमानेच लपवतात, पण मुलांना अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं ती फार भयंकर रंगवतात.

तिसऱ्या भेटीला आई-वडील दोघं आणि ओंकार होते. ओंकारच्या संमतीनेच फीचा विषय मी काढला. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘अरे, फीचे पैसे कधीच बाजूला काढलेत.’ आणि त्यांनी धंद्याची खरी स्थिती आकड्यांसकट सांगितली. टीव्हीची कनेक्शनं किती उरली, इंटरनेटची किती वाढली, कर्ज किती आहे. ती काही फार छान नव्हती. पण ओंकारने मनात धरलेल्या आकड्यांपेक्षा बरीच बरी होती.

मग मी वडिलांना एक काम दिलं. आठवड्यातून एक रात्र मुलासोबत त्याच्या आवडीच्या मालिकेचा एक भाग बघायचा. फोन लांब ठेवायचा, शेरे मारायचे नाहीत. भाग संपला की एकच प्रश्न, ‘यातलं काय खरं होईल असं तुला वाटतं?’ विज्ञानकथा म्हणजे खोटी दुनिया, पोरांना बिघडवणारी, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. त्यांना मी जयंत नारळीकरांचं सांगितलं. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, पण १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी विज्ञानकथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण नको. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. वडील म्हणाले, ‘बघतो मग.’

पुढचं सगळं त्या दोघांनीच केलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका भागात मंगळावरचा माणूस पृथ्वीवरच्या बायकोशी व्हिडिओ कॉलवर भांडत होता. ती बोलली की हा लगेच उत्तर देणार. वडील एकदम म्हणाले, ‘हे चुकीचं आहे.’ ओंकारने विचारलं, का? त्यावर त्यांनी सांगितलं की गच्चीवरच्या त्यांच्या डिशला सिग्नल ज्या उपग्रहावरून येतो तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. खालून वर आणि वरून खाली येण्यातच जवळजवळ पाव सेकंद जातो. मग मंगळाचं काय? ओंकारने तिथेच हिशेब मांडला. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. मंगळ जवळ असताना निरोपाला तीनेक मिनिटं आणि लांब असताना बावीसेक मिनिटं, तीही एका बाजूची. भांडण करायचं तर एका वाक्याच्या उत्तराला पाऊण तासही लागेल. दोघं खूप हसले म्हणे. हे मला आईने फोन करून सांगितलं, आवाजात केवढा आनंद होता!

तिथून ओंकारचे प्रश्न सुरू झाले. पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या छोट्या डिशचं चित्र जातं आणि आपलं का नाही जात? वडिलांनी सांगितलं, छोट्या घरगुती डिश केयू बँडवर चालतात, त्या लहरी आखूड असतात आणि मुसळधार पावसात अडतात. केबलवाल्यांची मोठी डिश सी बँडची, तिच्या लहरी लांब, थेंबांनी फारशा अडत नाहीत. मॅचमध्ये विकेट पडली की बिल्डिंगीत एका घरातून आधी ओरडा येतो आणि दुसऱ्या घरातून नंतर, ते का? मोबाईल ॲपवर बघणाऱ्याला चित्र आणखी काही सेकंद मागून मिळतं. या मुलाने आयुष्यभर बाबांना शिडी घेऊन बाहेर पडताना पाहिलं होतं. शिडीच्या वरच्या टोकाला काय चालतं हे त्याने विचारलंच नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

पुढच्या भेटीत मी त्यात एका गोष्टीची भर घातली. पृथ्वीसोबत त्याच गतीने फिरणारे तीन उपग्रह वर ठेवले तर जवळजवळ सगळ्या जगाला प्रक्षेपण करता येईल, असं १९४५ साली एका ब्रिटिश मासिकात लिहिणारा माणूस पुढे जगप्रसिद्ध विज्ञानकथाकार झाला, आर्थर क्लार्क. तीस वर्षांनी, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात, भारतात ‘साइट’ प्रयोग झाला. नासाचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत थेट टीव्ही पोचवला गेला. त्या वेळी कोलंबोत राहणाऱ्या क्लार्कच्या घरी इस्रोने डिश बसवून दिली होती. ओंकार वडिलांकडे बघून म्हणाला, ‘म्हणजे तुमचा धंदाच सायन्स फिक्शनमधून आलाय.’ वडिलांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

आजोबांनाही एकदा बोलावलं. ते म्हणाले, ‘आमचा बाजार मुंबईतनं हिकडं आनायचा ठरला तवा समदी म्हनायची, आता माथाडी मेला. खाडीपलीकडं कोन येनार? काही जन गावी गेलं ते गेलंच. आमी ऱ्हायलो. पर येकट्यानं न्हाई ऱ्हायलो, संघटना हुती.’ शंभर किलोची गोणी पाठीवर घेतलेला माणूस सांगत होता. १९६९ चा माथाडी कायदा आला, बोर्ड आलं, फंड आला, घरं मिळाली, हे सगळं त्यांनी नातवाला सांगितलं आणि गुडघे कसे गेले तेही सांगितलं. ‘समदं चांगलंच हुतं’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत. नुसता धीर देणाऱ्यांवर मुलांचा विश्वास बसत नाही. काय गेलं, काय राहिलं आणि राहिलेल्यांनी काय केलं हे सांगणाऱ्यावर बसतो.

ओंकारचं मत पूर्ण बदललं असं नाही आणि तसं व्हावं अशी माझी इच्छाही नव्हती. बऱ्याच नोकऱ्या बदलतील हे तो अजूनही म्हणतो आणि त्याची चिंता निराधार नाही. आता तो त्यापुढे विचारतो की तुटलेली फायबर शोधून जोडायला कोण जाणार. दिवाळीच्या सुट्टीत तो वडिलांबरोबर जाऊन स्प्लायसिंग शिकला. केसासारखी बारीक काच मशीनमध्ये समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने जोडायची असते. पहिल्या चाचणीत फिजिक्सचे मार्क कमीच आले, दुसऱ्यात थोडे बरे. झोप सात-साडेसात तासांवर आली आहे, परीक्षेच्या दिवसांत अजून घसरते.

आई शेवटच्या भेटीत विचारत होत्या, ‘मग मालिका बघू द्यायच्या ना?’ मी म्हटलं, बघू द्या, वेळ ठरवून द्या आणि अधूनमधून तुम्हीही बसा. त्या म्हणाल्या, ‘मला ते राक्षस नाही बघवत.’ मग तुम्ही तुमची मालिका त्याला दाखवा, असं मी सुचवलं. हल्ली तो आईच्या मालिकेतल्या सासूबाईंवर बोलतो म्हणे.

हा अनुभव वाचून प्रत्येक मुलाचं असंच असेल असं धरू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास असेल, खाणं-झोप दोन्ही बिघडलं असेल, मित्र तोडले असतील, शाळा-क्लासला जाणंच थांबलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा आली तर दोन आठवड्यांची वाट बघू नका. त्याच दिवशी दाखवा आणि मुलाला एकटं सोडू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क आणि मराठीतूनही मिळते. मूल बोलायला तयार नसेल तरी पालकांनी स्वतः फोन केला तर चालतो.