लोकसभेचं आठवड्याचं कामकाज, समितीच्या बैठका आणि दिल्लीचं तिकीट

तुमचे प्रश्न दोन आहेत. तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीकडे निवेदन पाठवलंय. तिथून साक्षीला बोलावणं आलं तर किती दिवस आधी कळेल? आणि ज्या विधेयकाकडे तुमचे डोळे लागलेत, ते लोकसभेत चर्चेला येईल त्याच दिवशी गॅलरीत बसता येईल का? सभागृहाचं आणि समितीचं वेळापत्रक वेगवेगळी माणसं ठरवतात, आणि त्यांचा एकमेकांशी मेळ असेलच असं नाही. एका खेपेत दोन्ही कामं उरकायचा बेत असेल तर तो आधीच सोडा.

आधी सभागृहाचं बघू. आपल्याकडे संसदेचं वर्षभराचं ठरीव कॅलेंडर नसतं. मंत्रिमंडळाची संसदीय कामकाजविषयक समिती तारखा सुचवते आणि राष्ट्रपतींच्या नावाने अधिवेशन बोलावलं जातं. कलम ८५ ची अट एवढीच, की एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी ही तीन अधिवेशनं प्रथेने चालत आलीत.

अधिवेशन ठरलं की दोन कागद निघतात. एक बैठकांच्या तारखांचा, तो तात्पुरता. दुसरा प्रश्नांच्या तक्त्याचा, आणि सगळ्यात भरवशाचा कागद हाच. सगळी मंत्रालयं पाच गटांत वाटतात, आणि सोमवार ते शुक्रवार प्रत्येक गटाला एक वार मिळतो. कृषी मंत्रालय मंगळवारी आलं असेल तर त्या अधिवेशनात ते मंगळवारीच. हा तक्ता सहसा हलत नाही, त्याला कारण आहे: तारांकित प्रश्नाची (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची) सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, चिठ्ठ्या काढून क्रम लागतो, मंत्रालयात उत्तर तयार होतं, छापलं जातं. एवढी साखळी मागे लागलेली असताना वार बदलणं कुणालाच परवडत नाही. विधेयकामागे अशी साखळी नसते, म्हणून ते आज-उद्या होत राहतं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, प्रश्न लागतात. राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकित वीसपैकी तोंडी उत्तरापर्यंत पोचतात ते थोडेच, बाकीच्यांची उत्तरं लेखी पटलावर जातात.

दिवसाची ठेवण साधी आहे. लोकसभा ११ ते १ आणि २ ते ६. अकराला प्रश्नोत्तराचा तास. बाराला कागदपत्रं पटलावर, मग शून्य प्रहर, म्हणजे खासदारांनी तातडीचे विषय मांडायची वेळ. जेवणानंतर नियम ३७७ खालचे विषय (खासदारांनी मांडायचे सार्वजनिक प्रश्न) आणि सरकारी विधेयकं. राज्यसभेत २०१४ पासून प्रश्नोत्तराचा तास बाराला आहे, अकराला शून्य प्रहर. जेवणाची सुट्टी सभागृहाच्या संमतीने रद्द होते, सहाची वेळ संमतीने वाढते. मुंबई-नागपूरचं विधिमंडळ बघायची सवय असलेल्यांना एक फरक जाणवेल: तिथे लक्षवेधी सूचनांचा रोज ढीग असतो, लोकसभेत लक्षवेधी क्वचित लागते.

सरकारी कामकाजाचा क्रम कसा लागतो? कामकाज सल्लागार समिती बसते, लोकसभेत अध्यक्षांसह जास्तीत जास्त १५ सदस्यांची. सगळ्या मोठ्या पक्षांचे नेते तिच्यात असतात. ही समिती कुठल्या विधेयकाला किती तास द्यायचे ते ठरवते. वार ठरवणं तिच्या हातात फारसं नसतं, आणि नेमका इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. ‘समितीने या विधेयकाला चार तास दिले’ ही बातमी वाचून लोक तिकीट काढतात. ते चार तास कुठल्या दिवशीचे, हे सरकारच्या सोयीवर ठरतं. हे तास मग संख्याबळाप्रमाणे पक्षांत वाटले जातात. वक्फ सुधारणा विधेयकाला २०२५ मध्ये लोकसभेत आठ तास दिले होते. २ एप्रिलला दुपारी चर्चा सुरू झाली, बारा तासांच्या वर चालली आणि मतदान झालं तेव्हा ३ तारखेची पहाट जवळ आली होती. म्हणजे तासांचा आकडाही किमान अंदाज म्हणूनच धरायचा.

आठवड्याचा अंदाज हवा असेल तर शुक्रवार बघा. संसदीय कार्य राज्यमंत्री बारानंतर, कधी एक दिवस आधीही, ‘पुढील आठवड्यातील सरकारी कामकाज’ वाचून दाखवतात. मग काही खासदार उठून आपला विषयही घ्या म्हणतात, ते नोंदलं जातं आणि बहुधा तिथेच राहतं. या निवेदनात तुमचं विधेयक नसेल तर पुढच्या आठवड्यात ते येण्याचा संभव कमी. असेल, तर येण्याचा संभव आहे, एवढंच.

पक्की म्हणावी अशी गोष्ट आदल्या संध्याकाळी निघणारी कार्यसूची. ती संसदेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसते. वाचताना लक्षात घ्या, की तीत क्रम असतो, घड्याळ नसतं; दवाखान्यातल्या नंबरासारखं, आपल्यापुढे किती जण ते कळतं, आत कधी बोलावतील ते नाही. शिवाय आदल्या दिवशी अर्धवट राहिलेलं विधेयक ‘पुढील विचारार्थ’ म्हणून बहुधा वर येतं आणि तुमचं खाली सरकतं. वेळ छापलेले प्रकार मोजकेच. त्यातला शुक्रवारचा महत्त्वाचा: शेवटचे अडीच तास, म्हणजे साडेतीन ते सहा, खासगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या, कामकाजाला राखून असतात, सहसा एका शुक्रवारी विधेयकं, पुढच्या शुक्रवारी ठराव. तेव्हा सरकारी विधेयकासाठी शुक्रवारी दुपारचं तिकीट काढू नका. आधी मिळालेल्या एखाद्या उत्तरावरची अर्ध्या तासाची चर्चा सोमवार, बुधवार, शुक्रवारी शेवटच्या अर्ध्या तासात ठेवता येते, पण अलीकडे ती फारशी होत नाही.

कार्यसूचीला पुरवणी निघू शकते, कधी मोठ्या विषयावरही. अध्यक्षांच्या निर्देशांप्रमाणे विधेयकाच्या प्रती मांडण्याआधी किमान दोन दिवस खासदारांकडे पोचायला हव्यात, पण अध्यक्ष ही अट शिथिल करू शकतात. १९ सप्टेंबर २०२३ ला, नव्या इमारतीतल्या पहिल्याच दिवशी, महिला आरक्षणाचं विधेयक पुरवणी कार्यसूचीतून आलं. २० ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत मंजूरही झालं. उलटी बाजूही आहे. २६ जुलै २०२३ ला अविश्वास प्रस्ताव दाखल करून घेतला गेला. नियमाप्रमाणे परवानगीपासून दहा दिवसांच्या आत चर्चेची तारीख ठरवायची असते. प्रत्यक्ष चर्चा ८ ते १० ऑगस्टला झाली. मधल्या काळात गोंधळातच विधेयकं मंजूर होत होती, काही तर मिनिटांत. सभागृह बारापर्यंत, मग दोनपर्यंत तहकूब होत असेल तेव्हा तुमचं विधेयक एक तर येतच नाही, नाही तर डोळ्यांदेखत संपतं. गॅलरीच्या पासासाठी खासदारामार्फत आधीच अर्ज जावा लागतो आणि आत बसायला साधारण तासभरच मिळतो. हा मधला तास नेमका तुमच्या विधेयकाचा निघणं हा नशिबाचा भाग. खरं सांगायचं तर संसद टीव्हीवर बघणं शहाणपणाचं.

आता समिती. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हेच.

विभागांशी संबंधित स्थायी समित्या २४ आहेत, त्यांतल्या १६ लोकसभा सचिवालयाकडे आणि ८ राज्यसभेकडे. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री सदस्य नसतो. कृषीची समिती लोकसभेच्या बाजूची. बैठकीचा दिवस आणि वेळ समितीचे सभापती ठरवतात, पण तीन गोष्टींनी त्यांचे हात बांधलेले असतात: खोली, कोरम आणि सभागृह.

बैठका बहुतेक संसदीय सौधातल्या (संसद भवनाच्या जोड-इमारतीतल्या) समिती-कक्षांत होतात आणि खोल्या मोजक्या. अधिवेशन चालू असेल तर सकाळी अकराच्या आधीचा तास-दीड तास किंवा दुपारी तीननंतरचा वेळ, अशा दोनच फटी उरतात, आणि त्या सगळ्याच समित्यांना हव्या असतात. सभागृह चालू असताना समितीला बसता येतं, मात्र सभागृहात मतविभाजन पुकारलं की सभापतींना बैठक थांबवून सदस्यांना मतदानाला सोडावं लागतं. घंटा वाजली आणि साक्षीदार वाक्याच्या मध्यावर असला तरी खोली रिकामी होते. कोरम, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, एकूण सदस्यांच्या साधारण एक-तृतीयांश. तेवढे जमले नाहीत तर सभापती बैठक थांबवतात किंवा पुढे ढकलतात. शुक्रवारी दुपारी आणि अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत खासदार मतदारसंघाकडे निघालेले असतात, तेव्हा तेवढे जमवणं अवघड. दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात बैठका आठवड्याच्या मध्याला, दोन दिवस लागोपाठ ठेवण्याकडे कल असतो. एका विमानप्रवासात दोन बैठका होतात.

वर्षाचं चक्रही ओळखून ठेवा. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत समित्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाचे प्रस्ताव, तपासतात. २०२५ मध्ये पहिला भाग १३ फेब्रुवारीला संपला आणि दुसरा १० मार्चला सुरू झाला, म्हणजे चार आठवड्यांच्या आत मंत्रालयाच्या सचिवांना बोलावून, विचारून, अहवाल लिहून पटलावर ठेवायचा. त्या काळात बाहेरच्या संघटनेला जागा मिळत नाही, मागू पण नका. समितीची मुदत वर्षाची असते. २०२४ मध्ये या समित्यांची रचना २६ सप्टेंबरला झाली. मुदत संपून नवी समिती बनेपर्यंत सगळं थांबतं, आणि नवी समिती विषय पुन्हा निवडते. तुमचा विषय जुन्या यादीत होता म्हणून नव्या यादीत असेलच असं नाही. संघटनांना बोलावण्याचे हंगाम म्हणून दोनच उरतात: पावसाळी अधिवेशनाच्या आधीचा मे-जून-जुलै, आणि ऑक्टोबर ते जानेवारी.

आता क्रम. समिती विषय निवडते. विधेयक असेल किंवा विषय मोठा असेल तर वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन निवेदनं मागवते; मुदत बहुधा पंधरा दिवसांची, दोन प्रती, इंग्रजी किंवा हिंदीत. मराठीतलं निवेदन नुसतं पाठवू नका, भाषांतर जोडा. सचिवालय निवेदनं चाळतं, मुद्द्यांची टिपणी करतं, आणि त्यातून कुणाला तोंडी साक्षीला बोलावायचं ते सभापतींच्या मान्यतेने ठरतं. इथे गाळणी बारीक असते. वक्फ विधेयकावरच्या संयुक्त समितीकडे सुमारे ९७ लाख निवेदनं आली. समोर बसवले गेले ते त्या मानाने मूठभर. त्या समितीने सप्टेंबर २०२४ च्या अखेरीला मुंबईपासून पाच शहरांत बैठका घेतल्या, पण दौऱ्यावरच्या अशा भेटी अनौपचारिक चर्चा असतात. औपचारिक साक्ष संसदेच्या आवारात होते, बाहेर घ्यायची तर अध्यक्षांची परवानगी लागते.

बोलावणं आलं तर सहसा हातात आठवडाभर मिळतो, कधी त्याहून कमी. पत्रात तारीख, वेळ, कक्ष आणि कधी मुद्द्यांची यादी असते. लगेच करायचं काम म्हणजे येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्राचा तपशील सचिवालयातल्या समितीच्या शाखेला कळवणं; प्रवेश-पास त्यावरच निघतात आणि ऐनवेळी बदललेलं नाव दारावर अडतं. दोन किंवा तीन माणसं पुरेत. ठरलेल्या वेळेला आत घेतील असंही धरू नका: आधी सदस्य आपसांत बोलतात, तुमच्याआधी दुसरे साक्षीदार असू शकतात. आत गेल्यावर सभापती एक गोष्ट ऐकवतात, ती नीट ऐका: तुमची साक्ष जाहीर होऊ शकते, गोपनीय ठेवायचा भाग असेल तर तसं सांगा, तरीही ती खासदारांना उपलब्ध होऊ शकते. सादरीकरण दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. सदस्य एकामागून एक प्रश्न विचारून ठेवतात आणि उत्तरं एकत्र द्यावी लागतात, म्हणून एकाने फक्त प्रश्न लिहून घ्यायचं काम करावं. आकडा हाताशी नसेल तर ‘लेखी पाठवतो’ म्हणा, ते चालतं. पण सभापती देतील त्या मुदतीत तो पोचला पाहिजे.

समितीचा अहवाल सभागृहात ठेवला जाईपर्यंत तिथलं कामकाज गोपनीय असतं. साक्ष आटोपून बाहेर आल्यावर ‘आम्ही असं सुनावलं, अमुक खासदार असं म्हणाले’ अशी पोस्ट टाकणं हा हक्कभंगाचा विषय होऊ शकतो. तुमचं निवेदनही समितीला दिल्यावर समितीचं होतं, परवानगीशिवाय प्रसिद्ध करायचं नाही.

तिकिटाबद्दल: पत्र आल्यावरच काढा, परतीचं बदलता येईल असं घ्या, आणि बैठकीच्या आदल्या दुपारी समितीच्या शाखेला फोन करा, कारण रद्द झाल्याची बातमी संकेतस्थळाआधी तिथे कळते. साक्षीचं शब्दशः टिपण दुरुस्तीसाठी तुमच्याकडे येईल. त्यात फक्त ऐकण्या-लिहिण्यातल्या चुका दुरुस्त करता येतात; बोलण्यात राहून गेलेला मुद्दा घुसवायचा असेल तर तो वेगळ्या लेखी निवेदनात पाठवा.